जुने प्रेमाचे विनोदी सिनेमे: हसू तर येतं, पण मध्येच घास अडकतो

सुरंगी (शनिवार, रात्री १०.४०)

गुहागरला तीन दिवस पाऊस नुसता कोसळतोय. कॉलेजला सुट्टी जाहीर झाली म्हणून लेक रत्नागिरीहून घरी आली आहे. काल संध्याकाळी लाईटची ये-जा चालू होती, तरी इन्व्हर्टरच्या भरवशावर आम्ही तिघी सिनेमा बघायला बसलो. सासूबाई (७८), मी (४९) आणि लेक (१७). निवड माझी होती: बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’, १९७६ चा. मन खट्टू झालं की मी हाच लावते. माझं लग्न ठरत नव्हतं त्या दोन वर्षांत तर याची कॅसेट झिजवली होती.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाची वाट बघतोय, तिच्या मागोमाग तिच्या ऑफिसपर्यंत जातोय. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, मीही हसत होते. तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, हा रोज हिच्या मागे जातो? हिला भीती नाही वाटत?”

मी म्हटलं, “अगं, तो किती साधा आहे बघ.”

ती म्हणाली, “ते तुला माहितीये. तिला कुठे माहितीये?”

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली आणि सिनेमा तिथेच राहिला. पण मी रात्रभर तेच घोळवत होते. त्या सिनेमावर माझा जीव आहे. त्यातली मुंबई, सलील चौधरींची गाणी, तो अवघडलेला, घाम पुसणारा नायक. हे सगळं मला अजून हवं आहे. आणि लेक म्हणाली तेही शंभर टक्के खरं आहे. तिला रत्नागिरीच्या स्टँडवरून एकटीने ये-जा करायची असते.

तुम्ही असे सिनेमे कसे बघता? बघणं सोडलंत? मुलांबरोबर बघता का? मनापासून विचारतेय.

तिरफळ (शनिवार, रात्री ११.०२)

बांगड्यात काटे असतात म्हणून कोणी बांगडा सोडत नाही. काटा बाजूला काढायचा आणि जेवायचं. सिनेमा आहे, हसा आणि झोपा.

माडाखाली (शनिवार, रात्री ११.२५)

तिरफळशी सहमत. आमच्या वाडीची आठवण सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गणपतीत तालुक्याहून व्हिडिओ भाड्याने आणायचे. टीव्ही खळ्यात टेबलावर, वर ताडपत्री, जनरेटर गोठ्याच्या मागे. रात्रीत तीन कॅसेट. पहिली देवाधर्माची, म्हाताऱ्या मंडळींसाठी. दुसरी मारामारीची. तिसरी पहाटेपर्यंत, ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ मध्ये आला आणि त्यानंतर सलग पाच-सहा गणपती तोच. वाडीतल्या पोरांना आरत्या अडखळत यायच्या, पण हा सिनेमा तोंडपाठ.

आणि आम्हाला तो का भिडला हेही सांगतो. आमच्या प्रत्येक घरातून कोणीतरी मुंबईला खोली शोधत फिरलेलं होतं. “एकट्या पोरांना जागा देत नाही” हे वाक्य माझ्या काकांनी गिरगावात, परळला, सगळीकडे ऐकलेलं. पडद्यावर चारांतली दोन पोरं जागेसाठी साडी नेसतात, तेव्हा आमचे काका सगळ्यात मोठ्याने हसायचे. ते हसू जागेचं होतं. मूळ हिंदी सिनेमाचं नावच ‘बीवी और मकान’, हृषीकेश मुखर्जींचा, १९६६ चा. म्हणजे गोष्ट घरापासूनच सुरू होते.

खाडीवरची (शनिवार, रात्री ११.५८)

तिरफळ, काटा बाजूला काढता येतो तो ताट तुमच्या पुढ्यात असेल तेव्हा. घशात अडकतो तो दुसऱ्याच्या.

मी हे कुठे लिहिलेलं नाही, आज लिहिते. १९९२. मी अकरावीत होते. घरापासून कॉलेज अकरा किलोमीटर, एसटीने जायचं. एक मुलगा रोज स्टँडवर उभा असायचा. कधी अंगाला हात लावला नाही, वाईट शब्द बोलला नाही. फक्त मागे यायचा आणि गाणी म्हणायचा. बरोबरची मुलं हसायची. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, “किती मागे लागलाय गं तुझ्या, खरं प्रेम आहे.” बाजारातल्या एका बाईने तर मला सांगितलं की मी फार भाव खाते.

मी रस्ता बदलला, तो त्या रस्त्याला आला. शेवटी वडिलांच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. माझं कॉलेज बंद केलं. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मामाकडे राहून पुन्हा अकरावी केली. माझ्या बरोबरच्या मुली माझ्या पुढे होत्या, त्या तशाच पुढे राहिल्या.

त्याला कोणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांनी तो सिनेमा शंभर वेळा पाहिलेला होता. शेवटी मुलगी हो म्हणते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी विनोदी सिनेमे बघते. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आला की आजही माझा चेहरा उजळतो. पण नायक नायिकेच्या मागे फिरायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जाते. घरच्यांना वाटतं मला काम आठवलं.

तिरफळ (रविवार, रात्री १२.१०)

ताई, मी लिहिलं ते घाईत लिहिलं. माफ करा. तुमचं वाचून झोप येणार नाही आज.

कोर्टाची पायरी (रविवार, सकाळी ८.३०)

वकिली करते, रत्नागिरी जिल्ह्यात. खाडीवरचींचं वाचल्यावर थोडी कायद्याची माहिती देते, कारण अनेकांना वाटतं की हात लावला नाही म्हणजे गुन्हा नाही.

१९९२ मध्ये नुसत्या पाठलागासाठी वेगळं कलम नव्हतं. ते २०१३ च्या दुरुस्तीने आलं, भारतीय दंड संहितेत ३५४-ड. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथे ते कलम ७८ आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष तिच्या मागे जात राहिला, वारंवार संपर्काचा प्रयत्न करत राहिला किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवली तर तो गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत.

आता गंमत बघा. ‘छोटी सी बात’नंतर हे कलम यायला ३७ वर्षं गेली. आणि कलमाच्या भाषेत बघितलं तर त्यातला नायक अरुण कदाचित सुटेल, कारण नायिका प्रभाने नापसंती दाखवलेली नाही. तिला तो मागे येतो हे कळतं आणि तिला ते आवडतही असतं. ती त्याच्या बोलण्याची वाट बघते.

दीपमाळ (रविवार, सकाळी ९.१५)

तिला आवडतं, कारण लिहिणाऱ्याने तसं लिहिलं. अडचण तिथेच आहे. त्या काळच्या सिनेमांत मुलीच्या मनात काय आहे हे आपल्याला आधीच सांगून टाकतात, म्हणून आपण निवांत हसतो. एसटी स्टँडवर मुलीच्या मनातलं कोणी कॅमेऱ्यात दाखवत नाही. पोराने ते स्वतःच ठरवून टाकलेलं असतं.

‘पडोसन’ घ्या, १९६८ चा. किशोरकुमारच्या आवाजावर सुनील दत्त ओठ हलवतो तो प्रसंग मी आजही जेवण थांबवून बघतो. त्यावर किती हसलोय! पण त्याचा शेवट आठवा. नायक आत्महत्या केल्याचं नाटक करतो आणि घाबरलेली मुलगी त्याला हो म्हणते. लहानपणी मला तो शेवट गोड वाटायचा. आता माझ्या भाचीला कोणी असं करून हो म्हणायला लावलं तर मी काय करेन, हा विचार आला की हसू थांबतं.

आडवाटेचा (रविवार, सकाळी ११.४०)

कणकवलीजवळचा आहे. वय ५३. काल रात्रीपासून लिहू की नको करतोय. खाडीवरचींनी लिहिलं ते दुसऱ्या बाजूने लिहितो.

मी तो मुलगा होतो. त्यांच्या गावातला नव्हे, पण तसाच. बारावीत असताना एका मुलीसाठी सकाळच्या सहाच्या गाडीला स्टँडवर जायचो. मला कुठेही जायचं नसायचं. ती चढली की मी चढायचो, ती उतरली की उतरायचो. महिनाभराने ती त्या गाडीला दिसेनाशी झाली. मला वाटलं, लाजली. सिनेमात लाजतात ना, तशी. मी मित्रांना अभिमानाने सांगितलं.

त्या गाडीचे कंडक्टर आमच्या गावचे. एक दिवस तिकीट न फाडता माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “अरे झिला, ह्या गाडयेक तू असतंस म्हणान ता चेडू आता सातच्या गाडयेन जाता. थंयसर तेका कॉलेजाक उशीर होता. तुका कळणा नाय काय?”

मला खरंच कळलं नव्हतं. ती सातच्या गाडीने उशिरा पोचून बोलणी खात होती आणि मी इकडे गाणी गुणगुणत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी स्टँडवर गेलो नाही. तिची माफी मागायलाही गेलो नाही, कारण तेही तिच्या मागे जाणंच झालं असतं.

माझ्या वडिलांनी मला मुलींशी कसं बोलावं हे कधी सांगितलं नाही. आईने नाही, शाळेने नाही. सांगितलं ते फक्त सिनेमाने. कोणी दुसरं शिकवलं असतं तर सिनेमाचा सिनेमाच राहिला असता.

खाडीवरची (रविवार, दुपारी १२.०५)

आडवाटेचा, वाचलं. उत्तर काय लिहावं कळत नाही. त्या कंडक्टरांना नमस्कार सांगा. आमच्या गाडीला असा कोणी नव्हता.

आडवाटेचा (रविवार, दुपारी १२.२०)

ते गेले तीन वर्षांपूर्वी. पण त्यांच्या घरी सांगेन. नक्की सांगेन.

माडाखाली (रविवार, दुपारी १.३०)

मी काल ‘बनवाबनवी’वर भरभरून लिहिलं आणि आज सकाळपासून मनात एक प्रश्न आहे. दोन पुरुष साड्या नेसून बायकांमध्ये बसतात, त्यांच्याशी मैत्रिणीसारखे वागतात. मालकीण बाई चांगली, प्रेमळ. तिला फसवलेलं असतं. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही. तुम्हा बायकांना वाटायचं का?

पायरीमाची (रविवार, दुपारी २.१०)

मला नाही वाटायचं. उलट मला ते दोघे साडीत किती हैराण होतात हे बघून बरं वाटायचं. पदर सांभाळा, निऱ्या सांभाळा, कोणी बघतंय का बघा. आम्ही रोज करतो ते त्यांना अडीच तास करावं लागलं.

रंगपट (रविवार, दुपारी ३.००)

थोडं अवांतर, पण यायलाच हवं असं वाटलं. मी सिंधुदुर्गातला. लहानपणापासून जत्रेत रात्र रात्र दशावतार बघत मोठा झालो. तिथे परंपरेने सगळी कामं पुरुषच करतात, द्रौपदीही आणि तारामतीही. लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. पेटी, पखवाज आणि झांज. गावातल्या बायका पहाटेपर्यंत खाली बसून असतात.

माझी आई एका नटाचं लुगडं बघायला पुढे जाऊन बसायची. म्हणायची, “ह्याच्यासारखो काष्टो माका जमणा नाय.” तो रंगमंचावर आला की त्या बायकांना तो पुरुष आहे हे माहीत असायचं आणि तरीही तारामती रडली की त्या डोळे पुसायच्या. त्या पात्राची टिंगल कोणी करत नसे. टिंगल व्हायची ती संकासुराची, आधी येणाऱ्या विनोदी राक्षसाची. त्याच्यावर पोट धरून हसायचं आणि मग आख्यानात शांत बसायचं.

म्हणून पुरुषाने साडी नेसली म्हणजे बाईचा अपमान झाला, असं मी धरत नाही. नट बाई होतो की बाईची नक्कल करतो, यावर सगळं आहे. ‘बनवाबनवी’त सचिन आणि लक्ष्मीकांत एकाच सिनेमात दोन वेगळ्या गोष्टी करतात. सचिन बरेचदा बाई होऊन जातो. लक्ष्मीकांत साडीतला पुरुष राहतो आणि हसू त्याच्या पुरुषपणाच्या फजितीवर येतं. दोन्ही मला पटतात. खटकतात ते काही उल्लेख, चालण्यावरचे, अंगावरचे. ते ऐकताना आई शेजारी असेल तर मी आवाज कमी करायचो.

ओहोटी (रविवार, संध्याकाळी ५.४५)

मी २४ वर्षांचा. इथे फक्त वाचत असतो, आज लिहितो.

माझा आवाज बारीक आहे, चालणंही तसंच. आठवीपासून दहावीपर्यंत मला वर्गात ‘पार्वती’ म्हणायचे. ‘बनवाबनवी’तलं, साडीतल्या लक्ष्मीकांतचं नाव. बेंचवर बसलो की मागून एक जण त्यातलं वाक्य म्हणायचा आणि सगळा वर्ग हसायचा. कधी सरही. मी तो सिनेमा तेव्हा पाहिलाच नव्हता. टीव्हीवर लागला की मी बाहेर पडवीत जाऊन बसायचो. घरच्यांना वाटायचं अभ्यास करतोय.

कॉलेजला मुंबईत आल्यावर एकदा एकट्याने लॅपटॉपवर पाहिला. आणि मी हसलो. खूप हसलो. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत यांच्या टायमिंगवर कोण हसणार नाही! मग रडलो, कारण तो सिनेमा माझ्याबद्दल काहीच वाईट बोलत नव्हता. बोलत होता तो माझा वर्ग.

त्याच आठवड्यात बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ पाहिला, १९५९ चा. त्यातही दोन पुरुष जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये जातात. शेवटी एक जण केसांचा टोप काढून सांगतो की मी पुरुष आहे, आणि त्याच्यावर भाळलेला म्हातारा श्रीमंत माणूस अजिबात हलत नाही. बोट चालवत राहतो, चेहऱ्यावर हसू. इतक्या जुन्या सिनेमात ते बघून मी पॉझ करून कितीतरी वेळ बसलो होतो. त्यात खटकणारंही पुष्कळ आहे. पण जुनं म्हणून टाकून दिलं असतं तर मला तो म्हातारा भेटला नसता.

रंगपट (रविवार, संध्याकाळी ६.००)

ओहोटी, जत्रेला ये. राहायला आमच्याकडे. आमच्या दशावतार कंपनीतल्या स्त्री-भूमिका करणाऱ्या दादांशी ओळख करून देतो. गावात त्यांना केवढा मान आहे ते बघ.

ओहोटी (रविवार, संध्याकाळी ६.०४)

येतो. खरंच येतो.

पायरीमाची (रविवार, संध्याकाळी ७.२०)

आमच्या नातीने परवा ‘गंमत जंमत’ बघितला. १९८७ चा, गोव्याच्या वर्षा उसगावकरचा पहिला. दोन बेकार तरुण पैशासाठी श्रीमंत मुलीला पळवतात आणि त्यातल्या एकाशी तिचं जमतं. नात नऊ वर्षांची. ती म्हणाली, “आजी, पळवलं तर पोलिसांना सांगायचं ना? गाणं का म्हणतात?” मी म्हटलं, गाणं चांगलं आहे म्हणून. ती म्हणाली, “मग गाणं म्हणून झाल्यावर सांगायचं.”

माडाखाली (रविवार, संध्याकाळी ७.३१)

नातीला माझ्यातर्फे एक हापूसची पेटी. पुढच्या सीझनला.

दीपमाळ (रविवार, रात्री ८.१५)

सकाळपासून माझ्या डोक्यात एकच आहे, जरा लांबण लागेल.

आपण ‘जुने’ म्हणतो तेव्हा असं धरतो की जितकं मागे जाऊ तितकं वाईट. तसं नाही. मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा, लेखन आचार्य अत्र्यांचं. तिथे ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या नायकाच्या मागे नायिका लागते आणि टिंगल होते ती त्याच्या शपथेची. मीनाक्षीने त्यात पोहण्याच्या पोशाखात गाणं केलं, त्यावर केवढी चर्चा झाली. त्यानंतर पन्नास वर्षांनी आलेल्या अनेक सिनेमांत नायिकेला एवढाही पुढाकार नाही.

उलटही आहे. फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’, १९३४. पाच मोठी ऑस्कर मिळालेला. पळून निघालेली श्रीमंत मुलगी आणि पत्रकार. इतकी सुंदर छेडाछेडी त्यानंतर क्वचितच झाली असेल. आणि त्याच सिनेमात नायक मुलीच्या बापाला सांगतो की हिला रोज एक ठोसा देणारा माणूस हवा. तेव्हा प्रेक्षक हसले. त्यावरून आपल्याकडे १९५६ मध्ये ‘चोरी चोरी’ झाला आणि १९९१ मध्ये ‘दिल है के मानता नहीं’. गोष्ट टिकली.

आता सई परांजपेंचा ‘चश्मे बद्दूर’ घ्या, १९८१. मुलींच्या मागे फिरणारी दोन पोरं त्यातही आहेत. पण ती घरी येऊन मित्रांना आपल्या पराक्रमाच्या थापा मारतात आणि खरं काय घडलं ते आपण पाहिलेलं असतं. दर वेळी फजिती त्यांचीच. दीप्ती नवल धुण्याची पावडर विकायला दारात उभी राहते तेव्हा आपण तिच्या बाजूने असतो. तोच काळ, तशीच दुचाकी, तीच बेकार पोरं. फक्त हसायचं कोणावर हे दिग्दर्शिकेने वेगळं ठरवलं. म्हणून “तो काळच तसा होता” हे मला पुरत नाही. त्या काळातही कोणी तरी वेगळं बघत होतंच.

तिरफळ (रविवार, रात्री ८.५०)

दीपमाळ, मान्य. तरी एक सांगू? माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांना जेवण जात नव्हतं. मी रोज संध्याकाळी महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ लावायचो. अशोक सराफ म्हातारा बाप बनून आला की ते हसायचे आणि त्या हसण्यात चार चमचे पेज पोटात जायची. अडीच महिने. त्यात मुलींना पटवायला किती खोटं बोलतात याचा हिशोब मी तेव्हा केला नाही, आजही करवत नाही. मी काल तावातावाने लिहिलं ते त्यामुळे. कोणी हे सिनेमे बघू नका म्हणालं की मला पेजेची वाटी दिसते.

खाडीवरची (रविवार, रात्री ९.०५)

तिरफळ, कोणी बघू नका म्हटलेलं नाही. मी तर नाहीच. तुमच्या वडिलांना हसवलं त्या सिनेमाने, चांगलंच केलं त्याने. माझंही वर्ष गेलं. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात, काय करणार.

तिरफळ (रविवार, रात्री ९.०८)

राहू देत.

कोर्टाची पायरी (रविवार, रात्री ९.३०)

सुरंगीताई कुठे आहेत? धागा काढून गायब. लेकीला उत्तर दिलंत का?

सुरंगी (सोमवार, सकाळी १०.१५)

इथेच आहे. काल दुपारपर्यंत लाईट नव्हती, मोबाईलही बंद. रात्री सगळं एका दमात वाचलं. खाडीवरची, आडवाटेचा, ओहोटी, तुमचं लेकीलाही वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मी तिला उत्तर दिलं नाही. सासूबाईंनी दिलं. तेच सांगायला बसले आहे.

काल सकाळपासून लाईट नव्हती, पाऊस तसाच. दुपारी माजघरात तिघी फणसाच्या आठळ्या सोलत होतो. लेकीने आजीला विचारलं, “तुला तो मागे मागे जायचा ते आवडलं होतं?” सासूबाई म्हणाल्या, “मी त्याच्याकडे बघतच नव्हते.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं लग्न १९६६ मध्ये झालं, एकोणिसाव्या वर्षी. मामंजी मुंबईला गिरणीत. लग्नाआधी सासूबाईंनी त्यांना एकदा पाहिलं, तेही पोह्यांची बशी पुढे करताना, म्हणजे हातच जास्त दिसले. सासूबाईंना कोणी काही विचारलं नाही. पत्रिका जमली आणि संपलं. मग मामंजी मुंबईला, या इथे. शिमगा, गणपती आणि मे महिना, तेवढंच भेटणं.

१९७६ मध्ये मामंजी आजारी पडले म्हणून त्या चार महिने परळच्या खोलीत जाऊन राहिल्या. ते बरे झाल्यावर एका रविवारी त्यांनी सासूबाईंना सिनेमाला नेलं. तोच हा. आणि सासूबाईंनी त्या दोन तासांत काय बघितलं असेल? विद्या सिन्हाची पर्स.

“ती सकाळी एकटी घरातून निघते,” त्या म्हणाल्या, “खांद्याला पर्स, हातात घड्याळ. बसला उभी राहते. तिकिटाचे पैसे स्वतःच्या पर्शीतून काढते. ऑफिसात खुर्चीवर बसते. तिला कोणी विचारत नाही कुठे चाललीस. मी तेच बघत होते. तो मागून येतो की पुढून, माझं लक्षच नव्हतं. आणि शेवटी कसा का असेना, तो तिला विचारायला तरी येतो. मला कोणी विचारलं होतं?”

लेकीच्या हातातली आठळी तशीच राहिली. मी ३० वर्षं या घरात आहे. मला हे माहीत नव्हतं.

लेक म्हणाली, “पण आजी, त्याने विचारायच्या आधी इतके दिवस मागे फिरायला नको होतं.” सासूबाई म्हणाल्या, “नकोच होतं. सरळ विचारायचं. तुला कोणी असा मागे आला तर दगड घाल.” म्हणजे त्यांचं मत अगदी लेकीचंच आहे! फक्त त्या सिनेमात त्यांना हवं होतं ते दुसरंच होतं.

दुपारनंतर लाईट आली. पुढचा भाग बघितला. कर्नल बनलेल्या अशोककुमारकडून नायक डावपेच शिकून परत येतो ते लेकीला मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, आधीचा घामट बरा होता, निदान तो खरा होता. मला ते पटलं. इतकी वर्षं मला उत्तरार्धच जास्त आवडायचा. अस्रानीवर मात्र तिघी हसलो. सासूबाई तर इतक्या हसल्या की उचकी लागली, पाणी द्यावं लागलं.

आणि एक. सिनेमा संपल्यावर सासूबाई आत गेल्या आणि ट्रंकेतून एक पर्स घेऊन आल्या. त्या चार महिन्यांत दादरला घेतलेली, आठ रुपयांना. गावाला आणली आणि मग कुठे न्यायची? शेतावर? देवळात? ती ट्रंकेतच राहिली. खाऱ्या हवेने चेन गंजून बसली आहे. लेकीने काल संध्याकाळी दोन तास खोबरेल तेल लावून ती चेन मोकळी केली. आज सकाळच्या गाडीने रत्नागिरीला परत गेली, तीच खांद्याला लावून.

तिरफळ (सोमवार, सकाळी १०.४०)

स्टँडवर कोणी मागे आलं तर ११२ लाव म्हणावं तिला. दगड नंतर.

आडवाटेचा (सोमवार, सकाळी १०.५२)

+१

खाडीवरची (सोमवार, सकाळी ११.१०)

पर्सचा रंग कोणता गो?

सुरंगी (सोमवार, सकाळी ११.१४)

मोरपंखी. बाहेरून विटलाय. आतून अजून तसाच आहे.